आंबील पडली तिथवर

सकाळपासून धोंडप्पाचा पाय ठरत नव्हता. गोठ्यात गेला, बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि कशाला आलो होतो ते विसरून परत फिरला. चहा अर्धाच प्याला. बायको गंगासागरनं विचारलं, "आवो, पायाला भिंगरी लागलीय का काय?" त्यानं कपाळाला विभूती ओढली, उपरणं खांद्यावर टाकलं आणि रानाकडे निघाला. रानात तसं काम नव्हतं. पण घरात राहिलं की पोराचं तोंड दिसायचं, आणि पोराचं तोंड दिसलं की ती वाट आठवायची. रानात गेलं तर ती वाटच दिसायची. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत झाली होती म्हाताऱ्याची.

ती वाट म्हणजे खडकदऱ्याची मेंढवाट. डांबरी सडकेपासून निघून पाझर तलावाकडे आणि पुढं गायरानात जाणारी. एका अंगाला धोंडप्पाचं रान, दुसऱ्या अंगाला राधाकिशनचं. मधली बारा-पंधरा हातांची पट्टी कुणाचीच नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. धोंडप्पाच्या आज्याच्या आधीपासून धनगरांची मेंढरं त्या वाटेनं पाण्याला जात आलेली. नकाशात मात्र ती नव्हती. नकाशा काढणारा साहेब बहुतेक भर दुपारी आला असावा, मेंढरं सावलीला बसलेली असताना.

यंदा जेठात धोंडप्पाच्या पोरानं, श्रीशैलनं, भाड्याचा ट्रॅक्टर आणला, कडेचा बांध मोडला आणि वाट नांगरून टाकली. धोंडप्पा तिथंच उभा होता. त्यानं पोराला अडवलं नाही, एवढंच असतं तरी एक वेळ चाललं असतं. ड्रायव्हर कुठवर घेऊ म्हणून थांबला, तेव्हा राधाकिशनच्या बांधाकडे हात करून "आजून येक तास घे" असं म्हणून नांगराची आणखी एक ओळ वाढवून घेणारा धोंडप्पाच होता. फुकटची जमीन गोड लागते, तोंडात दात नसले तरी.

मग व्हायचं तेच झालं. भादव्यात सटवा धनगराची मेंढरं सवयीनं त्या पट्टीत शिरली. आदल्या दिवशीच कपाशीवर फवारा मारलेला. चार मेंढ्या तलावावर पोचायच्या आत तोंडाला फेस येऊन मेल्या. सटवाचा पोरगा सोमेश्वर काठी घेऊन आला आणि श्रीशैलच्या कपाळाला टाके पडले. पोलिसात नाव गेलं म्हणून सोमेश्वर गेवराईकडं वाळूच्या गाडीवर निघून गेला. श्रीशैलनं सडकेच्या तोंडाशी काटेरी तार ओढली. आणि ज्या सटवानं आणि धोंडप्पानं उभा जन्म एकाच चंचीतलं पान खाल्लं, ते दोघं एकमेकाला पाहून मान फिरवायला लागले.

धोंडप्पा पट्टीत उतरला. कपाशी त्याच्या छातीला लागत होती. एकेक झाड बोंडांनी वाकलेलं. दहा पावलं मागं, त्याच्या मूळ रानातली कपाशी गुडघ्याएवढी, पानं लाल पडून आक्रसलेली. बी एकच, खत एकच, फवारा एकच. श्रीशैल येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं दाखवायचा, "बघा, किती कसदार जमीन पडून होती!" धोंडप्पानं खाली बसून एक ढेकूळ उचललं आणि चुरलं. आत काळ्या वाळक्या लेंड्या होत्या. पिढ्यान् पिढ्या मेंढरं जाता-येता टाकून गेलेली. त्यानं ढेकूळ खाली टाकलं, हात धोतराला पुसला, तरी ते हातालाच आहे असं त्याला वाटत राहिलं.

पूर्वी सुगी झाली की सटवाची मेंढरं मुक्कामाला त्याच्या रानात बसायची. रानाला खत, सटवाला ज्वारी, आणि दोन्ही घरच्या बायांना भांडायला-बोलायला एकेक माणूस. तीन वर्षांमागं श्रीशैलनं युरियाची पोती आणली आणि म्हणाला, मेंढरांचा वास कशाला पाहिजे घरादाराला? तेव्हापासून रान घट्ट होत गेलेलं. नांगराखाली पूर्वी माती सुटायची, आता खापऱ्या निघत. हे धोंडप्पाच्या टाचांना कळत होतं, पण टाचांचं म्हणणं पोराला कोण सांगणार?

सडकेकडून करकरून ब्रेक दाबल्याचा आवाज आला. मागोमाग मेंढरांचा कालवा. धोंडप्पा तारेपर्यंत धावतच गेला.

वाट बंद झाल्यापासून सटवा मेंढरं सडकेनं फिरवून, पुलाखालून तलावावर न्यायचा. सडक नवी झाली होती, रुंद झाली होती आणि तिच्यावरचे ट्रक कुणाच्या बापाला भीत नव्हते. एक ट्रक धूळ उडवत पुढं निघून गेला होता. सटवाची बायको सारजाबाई पदर खोचून मेंढरं कडेला लोटत होती आणि सटवा सडकेवर उकिडवा बसून एका गाभण मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन होता. मेंढीचे मागचे पाय चिरडले होते. ती ओरडत नव्हती, नुसती श्वास घेत होती.

धोंडप्पा तारेखालून वाकून पलीकडं गेला. तारेत उपरणं अडकलं, ते तसंच टाकून गेला.

"सटवा, लई लागलं का रं?"

सटवानं वर पाहिलं. दाढीची पांढरी खुटं, डोळे लाल. तो सावकाश म्हणाला, "तुमी जावा, मालक."

मालक! धोंडप्पाला कानाखाली वाजवल्यासारखं झालं. हाच माणूस त्याला आजवर आप्पा म्हणत होता. त्याच्या लग्नात यानंच ढोल बडवला होता.

"पाणी आणू का?"

"पान्याचंच तर भांडन हाय मालक. तुमच्याकडचं कशाला?"

सारजाबाई काठी टेकत आली. तिला आत-बाहेर काही नव्हतं, जे मनात तेच तोंडात. "आप्पा, ह्यो म्हातारा सांगायचा न्हाई तुमाला. आमी मेंढरं इकायलाव. येळवशीची आवस झाली की नेकनूरच्या बाजारात समदीच न्यायची. रोज येक मराया लागलं तर ऱ्हायचं काय मागं? आन पोरगं तिकडं वाळू भरतंय."

"समदीच?"

"मंग काय निम्मी ठिवून निम्म्याला सडकंवर मारू?"

धोंडप्पाच्या तोंडात काहीतरी आलं होतं. वाट मोकळी करतो, एवढंच म्हणायचं होतं. पण श्रीशैलचं टाके पडलेलं कपाळ त्याच्या डोळ्यांपुढं आलं, छातीएवढी कपाशी आली. तो तारेखालून परत आला. उपरणं सोडवताना ते टरकन फाटलं. मागं सटवानं मेंढीच्या मानेवर हात ठेवला असावा, कारण तिचा श्वास ऐकू येईनासा झाला होता. धोंडप्पानं वळून बघितलं नाही. बघायचं धाडस त्याला झालं नाही.

संध्याकाळी श्रीशैल नेकनूरहून आला तो खुशीत. बी-बियाणांच्या दुकानात त्याची उठबस असायची. आता बाजार मोकळा झालाय, दुनिया कुठल्या कुठं चाललीय, आपण किती दिवस पाठीमागं राहायचं, हे त्याचं पालुपद. पोरगा वाईट नव्हता. राबत होता, व्यसन नव्हतं, आई-बापाला वर मान करून बोलत नव्हता. फक्त जमिनीकडे बघताना त्याला जमीन दिसत नव्हती, तिच्यातून काय निघेल ते दिसत होतं.

"आप्पा," हातपाय धुऊन तो ताटावर बसला, "सटवानं तहसीलीत अर्ज दिलाय. तलाठी येनार पंचनाम्याला."

"येऊ दे की."

"येऊ दे म्हनून कसं? राधाकिशनकाकाचा जबाब हुनार. त्येला मी इचारलं. तो म्हनतो, मी खोटं बोलनार न्हाई आन कुनाच्या बाजूनंबी बोलनार न्हाई. येळवशीला धोंडप्पा आंबील शिंपील तिथवर त्याचं रान, एवढंच सांगतो."

गंगासागरचा भाकरी थापणारा हात थांबला. खडकदऱ्यात हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. येळवशीच्या अमावास्येला घरचा कर्ता डोक्यावर आंबिलीची बिंदगी म्हणजे मडकं घेऊन आपल्या रानाभोवती फेरी मारतो आणि पिकावर आंबील शिंपतो. काळ्या आईला घास दिल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. जिथवर आंबील पडली तिथवर रान आपलं. दुसऱ्याच्या मातीला घास भरवून ती आपली म्हणायची, एवढी छाती अजून कुणाची झाली नव्हती. मोजणीची साखळी लबाडी करते, आंबील करत नाही, असं जुनी माणसं म्हणायची.

"तवा यंदा फेरी राधाकिशनकाकाच्या बांधाला लागून मारा," श्रीशैल म्हणाला. "बस, मिटलं. कुनाशी भांडन न्हाई, तंटा न्हाई."

"आरं, आंबिलीचा कावून खेळ करतूस?" गंगासागर म्हणाली.

"खेळ कसला आये? जमीन आपन वाहतोय ना? आप्पा, मी काय स्वतःसाठी करायलोय का? बोला की."

धोंडप्पा भाकरीचा तुकडा ताकात बुडवत होता. तुकडा विरघळून गेला तरी बुडवतच राहिला. शेवटी तो म्हणाला, "मारीन." आणि उठून अंगणात गेला. अंगणात जाऊन परत ओसरीवर आला. ओसरीवरून परत अंगणात.

येळवशीच्या दिवशी ऊन कोवळं होतं आणि गार वारा सुटला होता. रानात कडब्याची कोप, छोटी झोपडीच, उभारली होती. कोपीत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव मांडलेले, वर गंगासागरची हिरवी शाल. सगळी रानं माणसांनी भरली होती. ज्याच्या त्याच्या कोपीतून भज्जीचा आणि बाजरीच्या उंड्यांचा वास येत होता, आणि सडकेनं जाणाऱ्या कुणालाही हाका चालल्या होत्या. या दिवशी वाटसरूला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नसतं. मग तो ओळखीचा असो, नाहीतर वैरी.

राधाकिशन आपल्या बांधावर येऊन बसला होता. जेवायला आल्याचं निमित्त, पण डोळे उघडे. त्याच्याबरोबर आणखी दोघं-तिघं. श्रीशैलनं सगळ्यांना बसायला पोती टाकली, पाणी दिलं.

गंगासागरनं बिंदगीत आंबील भरली, तोंडाला ज्वारीची हिरवी पानं खोवली आणि बिंदगी नवऱ्याच्या डोक्यावर दिली. देताना नेहमीपेक्षा जास्त वेळ तिनं ती धरून ठेवली. मग सोडली.

"वलगे वलगे सालम पलगे!" धोंडप्पा ओरडला आणि निघाला. मागून पोरांनी तोच गलका केला. ह्या शब्दांचा अर्थ खडकदऱ्यात कुणाला ठाऊक नव्हता आणि अर्थावाचून कुणाचं अडलंही नव्हतं.

एक हात बिंदगीला, दुसऱ्या हातात ज्वारीचं ताट, म्हणजे पानासकट धाट. ताट आंबिलीत बुडवायचं आणि उजवीकडं पिकावर झटकायचं. मान ताठ, नजर समोर. डोक्यावर भरली बिंदगी असली की माणसाला पायाखाली बघता येत नाही. गार आंबील कानामागून गळत होती. ज्वारीचा पट्टा झाला, करडई झाली. सडकेच्या बाजूची कड झाली. आता पुढं कोपरा. कोपऱ्यावरून सरळ सात-आठ पावलं जायचं, राधाकिशनच्या बांधाला भिडायचं आणि मग वळायचं. हे सगळं धोंडप्पानं मनात घोकून ठेवलं होतं. कालपासून दुसरं काही घोकलंच नव्हतं.

पण मन घोकत होतं आणि चालत होते पाय. चाळीस वर्षं हे पाय त्या कोपऱ्यावर उजवीकडं वळत आलेले. तिथं जमीन जरा खाली उतरते, आणि उतार लागला की वळायचं, एवढंच त्यांना ठाऊक. बांध ट्रॅक्टरनं मोडला होता, उतार मोडला नव्हता. पाय वळले.

कपाशीच्या फांद्या मांड्यांना खरचटायला लागल्या तेव्हा धोंडप्पाच्या ध्यानात आलं. डाव्या हाताला छातीएवढी कपाशी, उजव्या हाताला गुडघ्याएवढी. तो बरोबर मोडलेल्या बांधावर उभा होता आणि मेंढवाट त्याच्या फेरीच्या बाहेर राहिली होती. मागचा गलका एकदम बंद पडला.

"आप्पा!" श्रीशैल धावत आला. "आप्पा, चुकलात! तिकडनं! बांधाकडनं!"

धोंडप्पा थांबला. मान वळवता येत नव्हती म्हणून सगळाच्या सगळा वळला. राधाकिशन बांधावर उभा राहिला होता. अजून काही गेलं नव्हतं. चार पावलं माघारी घेतली असती आणि म्हाताऱ्याचा तोल गेला असं म्हटलं असतं, तर कुणी मनावर घेतलं नसतं. त्यानं एक पाऊल माघारी टाकलंही. ताट बिंदगीत बुडवलं. समोर ती उंच कपाशी, बोंडांनी वाकलेली. तिच्यावर ताट झटकायचं होतं. हात वर झाला आणि वरच राहिला. मातीला घास भरवून तिच्याशी खोटं बोलायचं, आणि मग कोपीत बसून तिचंच जेवायचं! इतके महिने आपल्याला नेमकं काय टोचतंय ते त्याला कळलं नव्हतं. ते आता, भर फेरीत, कानामागून आंबील गळत असताना कळलं. त्याला सटवाचं वाईट वाटत होतंच, पण त्याहून जास्त, त्याला या रानाची लाज वाटत होती. रानात उभं राहायची लाज.

तो पुन्हा उजवीकडं वळला आणि ताट झटकलं.

"वलगे वलगे सालम पलगे!"

आवाज फाटला. मागं कुणी साथ दिली नाही. तो एकटाच ओरडत, मोडक्या बांधावरून, फांद्या तुडवत तलावाच्या कडेपर्यंत गेला आणि फेरी पुरी करून कोपीशी आला. गंगासागरनं बिंदगी उतरवून घेतली. पदरानं त्याचा कान पुसला.

श्रीशैल मात्र पेटला होता. "माझं कपाळ फुटलं त्येचं काय न्हाई तुमाला? साऱ्या गावापुढं मला उघडं पाडलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हनतात ते ह्येच का?"

"तुझं कपाळ माझ्यामुळं फुटलं बाबा," धोंडप्पा म्हणाला. "ट्रॅक्टरवाल्याला आजून येक तास घे मीच म्हनलो. शिक्षा तू सोसलीस. चुकलं माझं."

बापानं चूक कबूल केली तर काय बोलायचं असतं, हे कुठल्याच दुकानात शिकवत नाहीत.

एवढ्यात सडकेनं मेंढरं आली. मेंढरांना सण नसतो, पाणी लागतंच. धोंडप्पा तारेकडं गेला, पक्कड घेऊनच गेला, आणि तार तोडायला लागला. तुटलेलं टोक हातात घुसलं, रक्त आलं. "सटवा, जेवाया या! सारजा, ये! मेंढरं आन आतनं!"

सटवा थांबला. मेंढरं थांबली. मागं एक ट्रक येऊन थांबला आणि भोंगा वाजवायला लागला.

"येळवशीचं बलावनं हाय, न्हाई म्हनू नये," सटवा जागेवरूनच म्हणाला. "पर खरं सांगू का? आज तुमी तार तोडली. उद्या तुमी गेलात की पोरगा पुन्ना नांगरील. आमी पुन्ना मेंढरं वाढवायची, आन पुन्ना सडकंवर आनून मारायची? त्यापरीस इकलेली बरी."

खोटं काय होतं त्यात? धोंडप्पा तोडलेली तार हातात धरून उभा राहिला. कागद लिहून द्यावा तर कागदाला पोरगा बधला नसता. शपथ घ्यावी तर शपथ बापाची, पोराची नव्हे. भोंगा वाजतच होता. धोंडप्पानं पायाखाली बघितलं. वाटेच्या अगदी तोंडाशी तो उभा होता. त्यानं टाच जमिनीत रोवली आणि एक खूण केली.

"श्रीशैल, हिकडं ये. राधाकिशन, तुमीबी ऐका. मी मेलो की मला हितं बशीवायचं. ह्या जागी. आज्याजवळ नगं, बापाजवळ नगं. हितं खड्डा काढायचा, तोंड वाटंकडं करून बशीवायचं."

धोंडप्पाच्या लिंगायत समाजात माणसाला जाळत नाहीत, गळ्यातल्या लिंगासकट मातीत बसवतात. आणि बसवलेल्या माणसावरून नांगर घालणारा अजून त्या मुलुखात जन्माला आला नव्हता.

"आप्पा, सनाच्या दिशी मरनाचं कावून बोलता?" श्रीशैलचा आवाज चिरका झाला. टाक्यांचा व्रण लालबुंद झाला होता. एवढा बाप्या गडी, पण डोळ्यांत पाणी उभं राहिलं ते त्याला लपवता येईना.

गंगासागर कोपीकडून चालत आली. हाताला पीठ तसंच. तिनं नवऱ्याची खूण बघितली, आजूबाजूची जमीन बघितली.

"आन मला कुठं?" तिनं विचारलं.

धोंडप्पा गांगरला. मग वाटेच्या दुसऱ्या अंगाला, कपाशीच्या पहिल्या झाडांकडं बोट करून म्हणाला, "तू तिथं. समोरासमोर."

"बरं झालं, शेजारी न्हाई घेतलं. तिथंबी रातभर घोरशीला." राधाकिशनला हसू फुटलं, त्यानं ते उपरण्यात दाबलं. गंगासागर मात्र हसली नाही. "मंग माझ्या जागंवरचा कापूस मी उपटते. दुसऱ्याचं पीक डोक्यावर घिऊन मला न्हाई बसायचं."

तिनं पदर खोचला, पहिल्या झाडाची बोंडं काढून ओटीत टाकली, खोडाला दोन्ही हात घातले आणि ओढलं. झाड हललं नाही. मुळं लांब खाली गेली होती. तिनं पाय रोवून पुन्हा हिसका दिला, घसरली, गुडघ्यावर आली. सारजाबाई मेंढरं सोडून तिच्याकडं धावली. दोघी म्हाताऱ्यांनी मिळून ओढलं. सटवाही सडकेवरून खाली उतरला, पण तारेपाशी थबकला. त्याची नजर श्रीशैलवर होती.

श्रीशैलनं नाक ओढलं. तोंड फिरवून एकदा कपाशीच्या त्या सगळ्या उंच ओळींकडे बघितलं. त्यानंच एकेक बी टोकलं होतं, घागरींनी पाणी घातलं होतं.

"सर, आये," तो म्हणाला. "तुला न्हाई निघायचं."

त्यानं वाकून खोड धरलं, एका दमात उपटलं, मुळांची माती तिथंच झटकली आणि झाड बाजूला टाकलं. मग कुणाकडं न बघता दुसऱ्या झाडाला हात घातला.